चौथ्यात गप्प, तिसऱ्यात घुमते: एका एमजीबीच्या गिअरबॉक्सचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी १९७१ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या छताची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, स्टिअरिंग उजवीकडे. हे मॉडेल इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात निघालं. इंजिन १७९८ सीसीचं, बी-सिरीज. सुरुवातीच्या गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर टाकताना वेग जुळवून देणारी पितळी रिंग) नव्हता. १९६७च्या अखेरीस मार्क-टू आली आणि तिच्यासोबत चारही गिअरांना सिंक्रो असलेला नवा बॉक्स आला. या गाडीत तोच आहे, आणि त्याच्या पाठीला लेकॉकचं एलएच ओव्हरड्राइव्ह (तोच वेग कमी आरपीएमवर देणारा जादा गिअर संच) जोडलेलं आहे, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरवर लागणारं.

मालक पुण्याचे. गाडी रविवारी सकाळी बाहेर निघते, कधी लोणावळ्यापर्यंत जाते. ओडोमीटर मैलांचा आणि मध्ये कधीतरी बदललेला, त्यामुळे एकूण किती चालली हे सांगता येत नाही. गिअरबॉक्स पूर्वी खोलल्याची कुठलीही नोंद नव्हती.

तक्रार आणि त्याआधीची एक दुरुस्ती

मालकांची तक्रार एका वाक्याची होती: "न्यूट्रलला खरखर येते, क्लच दाबला की थांबते." एवढ्यावरून आधीच्या एका गॅरेजने निदान करून टाकलं होतं. क्लच दाबल्यावर फरक पडतो, म्हणजे दोष क्लचचा. एमजीबीत क्लचला हात घालायचा तर इंजिन उतरवावंच लागतं, खालून बॉक्स निघत नाही. ते सगळं झालं, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग नवं पडलं. आवाज होता तसाच राहिला. नंतर कोणीतरी बॉक्समध्ये ईपी-९० (जादा दाब सोसणारं गिअर तेल) भरून दिलं, आणि काही आठवडे आवाज दबला.

तर्क नेमका उलटा लागला होता. एमजीबीचं रिलीज बेअरिंग म्हणजे ग्रॅफाइटची एक जाड रिंग. तिच्यावर भार येतो तो पॅडल दाबल्यावर. ती झिजून धातूला धातू लागला, तर आवाज पॅडल दाबल्यावर सुरू व्हायला हवा. इथे दाबल्यावर बंद होत होता. पॅडल दाबलं की इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा संबंध तुटतो आणि बॉक्सच्या आतलं फिरणं थांबतं. म्हणजे आवाज करणारी वस्तू बॉक्सच्या आत होती.

गाडी चालवून पाहिल्यावर आणखी दोन आवाज वेगळे काढावे लागले. तीन हजार आरपीएमच्या आसपास गिअरचा दांडा झणझणत होता, पण वरून हात दाबला की गप्प. ते दांड्याच्या बुडाशी असलेल्या झिजलेल्या बुशचं काम, बेअरिंगचा त्याच्याशी संबंध नाही. दुसरा म्हणजे ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा देताना मागून येणारा 'ठक'. एमजीबीत तो बहुतेक वेळा डिफरन्शियलमधल्या थ्रस्ट वॉशरांचा (बाजूचा रेटा पेलणाऱ्या चकत्यांचा) असतो, तारांची चाकं असतील तर हबच्या स्प्लाइनचा, म्हणजे लांबट खाचांचाही. तिन्ही आवाज एकाच वेळी ऐकणाऱ्याला 'गिअरबॉक्स गेला' एवढंच कळतं.

निदान

आत काय फिरतं हे डोळ्यांसमोर असल्याशिवाय आवाज ओळखता येत नाही. इंजिनाकडून आलेला छोटा शाफ्ट पुढच्या बेअरिंगमध्ये फिरतो. त्याला आपल्याकडे टॉप शाफ्ट म्हणतात. त्याच्या दात्यांत कायम अडकलेला, खालच्या बाजूचा गिअरांचा एकसंध गुच्छ म्हणजे लेगिअर, आपल्या मिस्त्रींचा काउंटर. लेगिअर ज्या स्थिर दांड्यावर सुई-रोलरांच्या आधाराने फिरतो तो लेशाफ्ट. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि रिव्हर्स गिअरमध्ये इंजिनाचा सगळा जोर टॉप शाफ्टवरून लेगिअरवर आणि तिथून मेन शाफ्टवर जातो. चौथ्यात टॉप शाफ्ट आणि मेन शाफ्ट थेट जोडले जातात. लेगिअर तेव्हाही फिरतो, पण भाराशिवाय.

पुढची सगळी चाचणी यावरच उभी आहे. लेगिअर टॉप शाफ्टला कायम जोडलेला असल्याने गिअर कुठलाही असो, इंजिनाचा आरपीएम तोच ठेवला तर लेगिअरचा वेगही तोच राहतो. बदलतो तो फक्त भार. म्हणून गाडीचा वेग नव्हे, आरपीएम धरून ठेवायचा. या बॉक्सचं गिअर प्रमाण पहिल्याला ३.४४, दुसऱ्याला २.१६७, तिसऱ्याला १.३८२ आणि चौथ्याला १ आहे. चौथ्यात दर हजार आरपीएमला गाडी ताशी साधारण २९ किमीचा वेग घेते. २५०० आरपीएम धरला तर चौथ्यात सुमारे ७२, तिसऱ्यात ५२, दुसऱ्यात ३३ आणि पहिल्यात २१. रिकाम्या, किंचित चढाच्या रस्त्यावर हे चारही वेग धरून पाहिले.

पहिल्या तीन गिअरांत एकाच पट्टीतला जाड घुमणारा आवाज आला, पीठगिरणी दुरून ऐकू यावी तसा. चढावर जोर दिला की तो वाढे, ॲक्सिलरेटर सोडला की पातळ होई. चौथ्यात मात्र शांतता. चौथ्यात ओव्हरड्राइव्ह लावूनही काही नाही.

या एका फेरीत बरेच संशयित सुटले. डिफरन्शियल किंवा चाकाचं बेअरिंग असतं तर आवाज वेगाबरोबर चालला असता आणि गाडी न्यूट्रलमध्ये सोडल्यावरही आला असता. टॉप शाफ्टचं किंवा मेन शाफ्टचं मागचं बेअरिंग जोरात गेलं असतं, तर चौथा गिअर सुटला नसता. क्रॅंकच्या टोकाचं, टॉप शाफ्टचं नाक पेलणारं स्पिगट बुश गाडी उभी, गिअर टाकलेला आणि क्लच दाबलेला असताना बोलतं, कारण फक्त तेव्हाच इंजिन फिरतं आणि टॉप शाफ्ट थांबलेला असतो. ओव्हरड्राइव्हचे छोटे प्लॅनेट गिअर ओव्हरड्राइव्ह लागल्यावरच स्वतःभोवती फिरतात. उरला लेगिअर आणि त्याखालचा लेशाफ्ट.

न्यूट्रलमधल्या खरखरीला फार महत्त्व देऊ नये. कायम जोडलेले दाते थंड इंजिनाच्या हेलकाव्यांनी थोडे वाजतातच, आणि चांगल्या बॉक्समध्येही क्लच दाबल्यावर तो आवाज जातो. निर्णायक ठरला तो १-२-३ विरुद्ध ४ हा फरक.

एक चाचणी फसली. गाडी मागून लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) चढवून, चाकं हवेत ठेवून, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बॉक्सला आणि मूठ कानाला लावून ऐकलं. तिसऱ्यातही आवाज जवळजवळ नाहीसा. कारण चाकं हवेत असताना लेगिअरवर भारच नसतो. तेवढ्यावर थांबणाऱ्याने 'बॉक्स ठीक' म्हणून शिक्का मारला असता.

मग तेल उतरवलं. ओव्हरड्राइव्हसह या बॉक्समध्ये सुमारे ३.४ लिटर तेल बसतं, निघालं जेमतेम २.७. ईपी तेलाचा तो गंधकी वास नाकात बसणारा होता. तेल जुन्या पांढऱ्या चादरीच्या तुकड्यातून गाळलं. कापडावर दोन प्रकारची चमक राहिली. एक सोनेरी, पिठासारखी बारीक. ती सिंक्रो रिंगांच्या पितळेची, थोडी असायचीच. दुसरी चंदेरी, पापुद्र्यांची. त्यातला एक पापुद्रा बोटाच्या टोकावर घेतला तर तीळ एवढा, एका बाजूने आरशासारखा गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने खडबडीत. चुंबक जवळ नेताच उडून चिकटला. पोलादाच्या कठीण केलेल्या पृष्ठभागाची ही साल आहे. असा पापुद्रा हाती आला की अंदाज बांधायचं काम संपतं.

पर्याय

तेल बदलून चालवत राहणं हा पहिला पर्याय. तो तिथेच सोडून दिला. साल निघालेल्या लेशाफ्टवर रोलर फार काळ टिकत नाहीत. एखादा रोलर तुटून दात्यांत गेला तर लेगिअरचे दाते जातात, आणि नशीब वाईट असेल तर अल्युमिनियमची केसिंगही.

दुसरा पर्याय ब्रिटनमधून दुरुस्त केलेला अख्खा बॉक्स बदलीने मागवण्याचा. यात वेळ वाचतो. पण बदलीच्या व्यवहारात जुना बॉक्स परत पाठवावा लागतो, जाण्यायेण्याची वाहतूक, कस्टम ड्युटी, शिवाय मूळ क्रमांकाचा बॉक्स हातातून जातो.

तिसरा पर्याय पाच गिअरांचा आधुनिक बॉक्स. एमजीबीसाठी फोर्डच्या टाइप-९ बॉक्सचे किट मिळतात आणि ते चांगले चालतातही. पण गाडी ५० वर्षांवरची आणि व्हिंटेज म्हणून नोंदलेली. २०२१च्या केंद्रीय नियमांत व्हिंटेज वाहन मूळ स्वरूपात असावं, चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा अशी अट आहे. गिअरबॉक्सचं नाव त्यात नाही. तरीही 'मूळ स्वरूप' या शब्दांचा अर्थ तपासणीच्या टेबलावर कोण कसा लावील, यावर मालकांना पैज लावायची नव्हती.

चौथा, म्हणजे आहे तोच बॉक्स इथेच खोलून दुरुस्त करणं, ठरला. ओव्हरड्राइव्ह खोलायचं की नाही हा उपप्रश्न राहिला. दोघांचं तेल एकच, त्यामुळे पापुद्रे तिकडेही गेलेले असणार. पण ते वेळेवर लागत होतं, वेळेवर सुटत होतं. खोलायचं नाही, तळाची जाळी साफ करायची आणि पुन्हा पुन्हा पाहायची, असं ठरलं.

काम

बॉनेट, रेडिएटर आणि ऑइल कूलर उतरवले. आतून गिअरचा दांडा काढला, खालून प्रॉपेलर शाफ्टचे पुढच्या फ्लॅंजचे चार बोल्ट, स्पीडोमीटरची केबल, ओव्हरड्राइव्ह आणि रिव्हर्स लाइटच्या वायरी. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर दोन बोल्टांवर असतो. तो पाइप न सोडता बाजूला तारेने बांधून ठेवायचा, म्हणजे नंतर हवा काढावी लागत नाही. मात्र तो सुटा असताना कोणी पॅडल दाबलं तर पिस्टन बाहेर येतो, म्हणून पॅडलला चिठ्ठी बांधली. मग चेन पुलीवर इंजिन आणि बॉक्स एकत्रच, शेपूट बरंच खाली झुकवून बाहेर. बॉक्स इंजिनापासून सोडताना त्याचं वजन टॉप शाफ्टवर लोंबकळू द्यायचं नाही, नवी क्लच प्लेट तिथेच वाकते.

बॉक्स टेबलावर आल्यावर टॉप शाफ्ट हाताने फिरवला. दाण्यांवरून हात फिरावा तशी करकर बोटांना लागली. हीच गोष्ट मागच्या खेपेला, क्लच बदलताना, याच अवस्थेत कोणालाही जाणवली असती.

ओव्हरड्राइव्ह वेगळं केलं, पुढचं कव्हर काढलं आणि लेशाफ्ट बाहेर ठोकण्याआधी लेगिअरची पुढेमागे हालचाल फीलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पात्यांनी) मोजली. ती ०.०५ ते ०.०८ मिमी असायला हवी. इथे ०.२०ची पाती सहज गेली. लेशाफ्ट बाहेर आला तेव्हा पुढच्या टोकाला, रोलर फिरतात त्या पट्ट्यावर, करंगळीच्या नखाएवढा भाग उखडलेला. फक्त एकाच बाजूला. उलटी बाजू नव्यासारखी चकचकीत. शाफ्ट स्थिर असतो, दात्यांचा रेटा नेहमी त्याच दिशेने येतो, म्हणून साल तिथूनच निघते. काही जण तो अर्धा वळसा देऊन परत बसवतात, पण पापुद्रे खाल्लेले रोलर आणि थकलेलं पोलाद तेच राहतं.

मागवलेली यादी: लेशाफ्ट, त्याचे सगळे सुई-रोलर, थ्रस्ट वॉशर, टॉप शाफ्टचं आणि मेन शाफ्टचं बॉल बेअरिंग, मेन शाफ्टच्या नाकावरचे रोलर, चार सिंक्रो रिंगा, पुढच्या कव्हरचं ऑइल सील, पॅकिंग. दोन्ही मोठी बेअरिंगं अजून बोललेली नव्हती, पण पापुद्र्यांच्या तेलात फिरलेली होती. बॉक्स उघडा असताना ती वाचवण्यात काही अर्थ नाही.

पहिला निर्णय अडला तो लेगिअरवर. त्याच्या दुसऱ्या गिअरच्या दात्यांवर सुईच्या टोकाएवढे खड्डे होते. आतल्या बाजूला, रोलरांच्या जागी, नख अडकत नव्हतं. नवा लेगिअर महाग, आणि जुन्या मेन शाफ्टच्या गिअरांशी तो जुळत नाही, कारण दाते जोडीने झिजतात. एकटा लेगिअर बदलला तर तो नवाच सूर लावतो. बदलायचे तर सगळेच गिअर. जुना ठेवला.

दुसरी अडचण अनपेक्षित होती. आलेला नवा लेशाफ्ट मऊ निघाला. जुन्या शाफ्टवर ज्या जागी कानस नुसती घसरत होती, नेमक्या त्याच जागी नव्यावर ती चावली. भोसरीतल्या एका हीट ट्रीटमेंट युनिटमध्ये कठीणता मोजणाऱ्या रॉकवेल यंत्रावर दोन्ही तपासून घेतले, नवा जुन्यापेक्षा बराच कमी भरला. या गाड्यांच्या नव्याने बनवलेल्या भागांत हा दोष अधूनमधून येतो. तो शाफ्ट बसवला असता तर काही हजार किलोमीटरांत हेच प्रकरण पुन्हा लिहावं लागलं असतं. परत पाठवला, दुसरीकडून मागवला, तीन आठवडे गेले.

जोडणीसाठी लेथवर एक नकली शाफ्ट करून घेतला: खऱ्यापेक्षा किंचित बारीक, लांबी लेगिअर आणि त्याच्या वॉशरांइतकीच. रोलर ग्रीसमध्ये चिकटवून लेगिअर त्यावर भरायचा आणि केसिंगच्या तळाशी निजवून ठेवायचा. टॉप शाफ्ट आणि मेन शाफ्ट जागेवर गेले की तो उचलून खऱ्या शाफ्टने नकली पुढे ढकलत बाहेर काढायचा. हे न करता अंदाजाने ठोकलं की एखादा रोलर आडवा पडतो आणि कळत नाही. मागचा थ्रस्ट वॉशर वेगवेगळ्या जाडीत मिळतो. तिसरा वॉशर लावून पाहिल्यावर हालचाल ०.०६ मिमीवर आली. पुढचं कव्हर बसवताना बेअरिंगमागच्या शिम (पातळ चकत्या) जुन्या तशाच टाकल्या नाहीत. नव्या बेअरिंगची रुंदी आणि नव्या पॅकिंगची जाडी धरून पुन्हा मोजल्या.

ओव्हरड्राइव्ह परत जोडताना घाई नडते. त्याच्या आत दोन वेगवेगळे स्प्लाइन एका रेषेत यावे लागतात, आणि मेन शाफ्टवरच्या पंपाच्या कॅमचा सखल भाग पंपाकडे असावा लागतो. पहिल्यांदा फट बंद होईना. नट आवळून ती ओढून घेण्याचा मोह तिथेच आवरायचा, नाहीतर पंप किंवा एकदिशा क्लच मोडतो. युनिट परत काढलं, लांब बारीक स्क्रूड्रायव्हरने आतले स्प्लाइन घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून जुळवले, आणि मग ते हाताने बसलं.

तेल २० डब्ल्यू-५० इंजिन ऑइल भरलं. ईपी तेल या बॉक्समध्ये नको. त्यातली रसायनं पितळेच्या सिंक्रो रिंगांना बाधू शकतात आणि ओव्हरड्राइव्हचा शंकूच्या आकाराचा क्लच त्यात घसरतो. त्या तेलाने आवाज दबला होता, म्हणून दुखणं आणखी काही महिने लपलं.

निष्पत्ती

त्याच रस्त्यावर, त्याच २५०० आरपीएमवर चाचणी पुन्हा घेतली. पहिल्या आणि तिसऱ्यातला घुमण्याचा आवाज पूर्ण गेला. चौथा पूर्वीसारखाच शांत. दुसऱ्यात मात्र ॲक्सिलरेटर सोडल्यावर एक बारीक शीळ राहिली, ती लेगिअरच्या त्या खड्ड्यांची. मालकांना हे बॉक्स बंद करण्यापूर्वीच दाते दाखवून सांगितलं होतं, त्यामुळे वाद झाला नाही. दांड्याचा बुशही बदलला. डिफरन्शियलचा 'ठक' तसाच आहे, ते काम वेगळं.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठी संधी पहिल्या गॅरेजमध्ये गेली. इंजिन उतरलेलं, बॉक्स हाताशी, तेल उतरवण्याची सोय. टॉप शाफ्ट हाताने फिरवून पाहायला दोन मिनिटं लागतात, तेल कापडातून गाळायला दहा. त्याआधी, पाना हातात न घेता, चार गिअरांची फेरी मारता आली असती. खर्च पेट्रोलचा.

दुसरं, लेशाफ्टची कठीणता तपासणं हे भाग हातात आल्या दिवशी व्हायला हवं होतं. ते जोडणीच्या दिवशी झालं, म्हणून तीन आठवडे बॉक्स उघडा, कापडाखाली पडून राहिला. पावसाळ्याच्या तोंडावर उघडं पोलाद गंजायला तेवढे दिवस पुरतात. रोज तेलाचा हात फिरवत राहावं लागलं.

लेगिअर ठेवण्याच्या निर्णयावर दोन मतं पडतील. महिन्यातून चार रविवार चालणाऱ्या गाडीसाठी तो बरोबर वाटतो. हीच गाडी रॅलीत लांब पल्ल्याला जाणार असती, तर पूर्ण गिअर संच बदलणंच शहाणपणाचं होतं.

ओव्हरड्राइव्ह न खोलण्याचा निर्णय अजून सुटलेला नाही. ५०० किमीवर तेल बदललं तेव्हा तळाच्या जाळीत तीन-चार चंदेरी पापुद्रे सापडले, जुनेच, कडा बोथट झालेले. १५०० किमीवर जाळी पुन्हा उघडली जाईल. तेव्हा ताजे, धारदार कडांचे पापुद्रे दिसले तर इंजिन पुन्हा चेन पुलीवर चढेल.